राजाचा प्राण आणि उंदरिणीच्या मिशा

एका राज्यात दरबारात हलणे हा अपराध होता. राजा स्थिरवर्म्यासमोर कुणाची पापणी लवली तरी शिक्षा होई, आणि राजकन्या हेमकला तर खांबालाही लाजवी. एके दिवशी दंडकाक्ष नावाचा मायावी दरबारात आला. त्याला शिंक आली आणि राजाने त्याला हाकलून दिले. एवढेसे निमित्त, पण राईचा पर्वत झाला. मायाव्याने राजाला दगड बनवले आणि त्याचा प्राण एका दोऱ्यात ओवून काळोख्या गुहेत हजार दोऱ्यांमध्ये टांगला. तो दोरा तोडला तर राजा जिवंत होणार होता. चुकून दुसरा तुटला, तर मात्र राजा कायमचा जाणार होता.

त्या गुहेत दिवा पेटत नसे आणि दोऱ्याला स्पर्श करताच माणसाचा हात झडे. तेव्हा बापाला सोडवायला निघालेल्या हेमकलेला एका बोलक्या पिंगळा पक्ष्याने मंत्राचे पाणी दिले. ती ते प्यायली आणि उंदरीण झाली.

पहिल्या दालनात तीन बिळे होती, त्यांतली दोन मृत्यूची. हेमकला दरबारी शिस्तीने मिशा ताठ धरून उभी राहिली. तिला काही उमगले नाही, आणि अंदाजाने शिरताच शेपटीचे टोक गमावून ती मागे पळाली. गुहेच्या तोंडाशी राहणारी म्हातारी उंदरीण तीक्ष्णा पोट धरून हसली.

"बाई, मिशा काही भालदार नव्हेत उभ्या करून ठेवायला. पुढेमागे झुलव त्यांना. तुझ्या डोक्यात प्रत्येक मिशीची वेगळी चौकी आहे. कुठली मिशी कुठवर गेली आणि कुठे अडली, ते चौकी सांगेल."

हेमकलेने मिशा झुलवल्या आणि भिंतींची रुंदी तिला कळली. खरे बीळ सापडले. दुसऱ्या दालनात शापित खजिना होता. तिथल्या गुळगुळीत फरशा विषारी होत्या. मिशा घासत, फक्त खरबरीत फरशांवर पाय देत ती पलीकडे गेली.

तिसऱ्या दालनात हजार दोरे लोंबत होते. जिवंत दोरा धडधडणार हे उघडच होते. पण तिने मिशा झुलवल्या आणि मिशांना सगळेच दोरे धडधडताना जाणवू लागले. ती घाबरली, रडलीसुद्धा. मग तिच्या ध्यानात आले की मिशा हलवण्याचा हुकूम तिच्याच डोक्यातून सुटतो. तेव्हा आपली हालचाल आपल्याला आधीच ठाऊक आहे. ती बाजूला सारावी. उरेल ती दुसऱ्याची. नऊशे नव्व्याण्णव दोऱ्यांत काही उरले नाही. एकात उरले.

काळोखातून दंडकाक्ष म्हणाला, "चुकलीस तर बाप गेला."

"माझी मिशी माझ्या हुकमाने हलते," हेमकला म्हणाली. "हा दोरा माझ्या हुकमावाचून हलतो आहे."

आणि तिने तो कुरतडला. डोंगर दुभंगला, उजेड आत आला, मायावी धूर होऊन विरला. हेमकला पुन्हा राजकन्या झाली आणि धावत राजवाड्यात पोहोचली. सिंहासनावर राजा श्वास घेत होता. तिने त्याच्या छातीला गाल टेकला. दोऱ्यात जाणवलेले तेच ठोके होते. ती पोटभर रडली, आणि त्या राज्यात सात दिवस चौघडा थांबला नाही.