आवडाक्काच्या अंगणातला पातेरा

फार वर्षं झाली त्याला. किती, ते कुणालाच सांगता येत नाही. जो तो आपल्या आजोबांच्या आजोबांवर ढकलून मोकळा होतो. खारवणे गाव तेव्हा अठरा उंबऱ्यांचं होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधे आंब्याफणसांची इतकी दाटी की परक्या माणसाला घर शोधायचं तर आधी चुलीचा धूर शोधावा लागे. त्या गावात आवडाक्का नावाची बाई राहत होती. तिच्यासारखं अंगण झाडणारं माणूस खाडीच्या दोन्ही काठांवर झालं नाही, असं म्हणतात.

अंगण झाडण्यात काय मोठंसं, असं वाटेल तुम्हाला. ज्याने फाल्गुनात कोकणातलं अंगण झाडलं नाही त्याला वाटणारच. थंडी सरली की झाडं जुनी पानं टाकायला लागतात. सकाळी झाडावं, तर जेवून उठेपर्यंत पुन्हा तेवढीच. या वाळक्या पानांना पातेरा म्हणतात. तो नुसता झाडून भागत नाही. परसातलं रान काढायचं, केळींची आळी मोकळी करायची, गुरांनी मोडलेलं कुंपण बांधायचं आणि सगळं झाल्यावर अंगण शेणाने सारवायचं. हे सगळं शिमग्याच्या आत, कारण शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते.

आणि खारवण्याचा रिवाज मोठा कडक. पालखी पातेऱ्यात पाऊल टाकत नसे. अंगणात पानं दिसली की ती कुंपणाच्या तोंडाशीच मागे फिरे. अशी ओळीने तीन शिमगे फिरली, की ते घर ओसाड धरलं जाई. मग पालखी त्या वाटेला वळत नसे आणि देवीपुढच्या गाऱ्हाण्यात त्या घराचं नावही कुणी घेत नसे. आत माणूस नांदत असलं तरी नाही.

आता गंमत बघा. आवडाक्काच्या कुंपणापासून पालखी ओळीने दोन शिमगे मागे फिरली होती.

झालं होतं असं, की नवरा लवकर गेला, दोन लेकी लग्न होऊन खाडीपलीकडे गेल्या, आणि आवडाक्का लोकांच्या घरी राबून पोट भरू लागली. तिने माडाच्या हिरांचा खराटा जमिनीला टेकला की पानं आपण होऊन ढिगाकडे चालत जात, असं म्हणतात. सांडलेले तांदूळ उचलून तसेच शिजवावेत, असं तिने सारवलेलं अंगण. मग काय, फाल्गुन लागला की जो तो तिच्या दारात. "आक्का, तेवढं आमचं आंगण बघ गो." "आक्का, आमच्या केळींत साप शिरंल एवढं रान झालंय." ती कुणाला नाही म्हणत नसे. सतरा घरांची सतरा अंगणं झाडून होईपर्यंत शिमगा दारात येई, आणि अठरावं अंगण राहून जाई. ते तिचं स्वतःचं.

सतरा घरांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नाही. लोक वाईट होते असं नाही. पण ज्याचं अंगण स्वच्छ होतं, तो ते कुणी केलं हे विसरून जातो.

तिसऱ्या वर्षी आवडाक्काने मनाशी ठरवलं, की यंदा आधी आपलं. तिला ओसाड व्हायचं नव्हतं. मेल्यावर घर ओसाड झालं तर ती रीतच आहे, पण जिवंतपणी, चुलीवर पेज शिजत असताना? ती खराटा घेऊन उतरली, तोच गावचा मानकरी रावजी गावकर दारात. घरात सून बाळंत, पाहुणे येऊ घातलेले. आवडाक्का आधी त्याच्याकडे गेली. तिथून शेजारी, तिथून खालच्या आळीत. होळी पेटली त्या दिवशी तिचं सतरावं अंगण सारवून झालं. हाताला घट्टे होतेच, त्यांना आता भेगा पडल्या होत्या.

पालखी येण्याच्या दिवशी ती पहाटफुटीला उठली आणि आपलं अंगण झाडायला लागली. तिच्या दारात चार फणस आणि एक जुना आंबा होता. तिने पूर्वेची बाजू झाडून पश्चिमेला वळावं, की मागे पूर्वेला पानांचा थर. पुन्हा पूर्वेला, की पश्चिमेला थर. त्या दिवशी झाडांनी पाच वर्षांची पानं एकदम टाकली, असं म्हणतात. खालच्या आळीत ढोल वाजायला लागले. तिच्या पाठीत कळ आली. ढोल सतरा घरं करून तिच्या वाटेला लागले, तेव्हा अंगणात घोट्याएवढा पातेरा होता. आवडाक्का पायरीवर बसली. खराटा हातातून सुटला, आणि तो उचलण्याइतकंही बळ तिच्यात राहिलं नाही.

पालखी कुंपणाशी थांबली. रावजीने आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "तिसरं वरीस," तो म्हणाला. "फिरवा."

पालखी फिरेना. चौघांनी जोर लावला, मग आठांनी, मग बारांनी. पालखी इतकी जड झाली की खांदेकऱ्यांची पावलं जांभ्या दगडात बोटभर रुतली, असं म्हणतात. शेवटी पालखी टेकवून भिवा गुरवाने देवीला कौल लावला. ओले तांदूळ मुखवट्याच्या दोन्ही गालांवर चिकटवले. उजवा दाणा पडला तर हो, डावा पडला तर नाही.

"आई, आंगण घाण म्हणून तू रागावलीस का?" डावा पडला.

"हिच्याकडून कायतरी चुकलंय का?" डावा.

"नारळ हवा? कोंबडा हवा?" डावा, पुन्हा डावा.

घटका गेली. भिवाचे प्रश्न संपले. ढोल कधीच थांबले होते, आणि सगळं गाव कुंपणाशी घाम पुसत उभं होतं.

"तूच सांग गो आक्का," भिवा हात जोडून म्हणाला, "काय झालंय?"

आवडाक्काने वर पाहिलं. साठ वर्षांत जे ती आईला बोलली नव्हती, नवऱ्याला बोलली नव्हती, ते तिच्या तोंडून सहज बाहेर आलं.

"दमल्ये मी."

उजव्या गालावरचे सगळे दाणे एकदम खाली पडले.

रावजी गावकर आत आला. त्याने डोक्याचं मुंडासं काढून कमरेला बांधलं, पायरीखालचा खराटा उचलला आणि झाडायला लागला. धड येत नव्हतं त्याला. मग भिवा आला, खांदेकरी आले, कुणी फांदीने, कुणी हाताने पानं ओढायला लागले. जसजसं अंगण दिसू लागलं तसतशी पालखी हलकी झाली, आणि शेवटी तर दोघांच्या खांद्यावर नाचली. त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत खारवण्यात एकाही झाडाचं एकही पान पडलं नाही, असं म्हणतात.

आवडाक्काने पालखी नाचताना पाहिली, आणि मग खांबाला डोकं टेकून ती झोपली. त्या झोपेतून ती उठली की नाही, यावर गावात आजही दोन मतं आहेत. तिला उठवलं मात्र कुणी नाही.

अजूनही खारवण्यात पालखीच्या आदल्या दिवशी बाया खराट्याला हात लावत नाहीत. गावातले पुरुष खराटे घेऊन घरोघर फिरतात. मानकरी कुंपणाशी थांबून विचारतो, "कोण दमलंय गो?" घरातल्या बाईने बाहेर येऊन "दमल्ये मी" म्हणायचं. ती म्हणेपर्यंत कुणी आत यायचं नाही. नव्या सुना हे म्हणताना पदरात हसतात. जुन्या बायकांना मात्र वेळ लागतो. त्या दारात येतात, चौकट धरून उभ्या राहतात, आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाहेरचे पुरुष तेवढा वेळ खाली मान घालून थांबतात.

मग ती म्हणते, आणि ते झाडायला लागतात.