बरकीची मोरघार

डोंगराला अजून पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. करवंदपाड्यावर बरकी नावाची बाई होती. लग्न ठरलं की घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं तीच काढायची. तिच्या भाताच्या लोंब्यांवर चिमण्या चोची मारायच्या, असं म्हणतात.

पाड्याच्या वर रानात बेहड्याचं एक झाड होतं आणि त्यावर मोरघारीचं घरटं. डोक्यावर तुरा, नजर अशी की माणसानं आपोआप गप्प बसावं. बरकीचा तिच्यावर भारी जीव. एका लग्नाच्या भिंतीवर तिनं मोरघारच काढली. पंजे मोकळे बरे दिसेनात, म्हणून त्यांत कोंबडीचं पिल्लू दिलं. मोरघार पिल्लं पळवते असं लोक म्हणायचे, हिनंही तसंच काढलं. झालं! तिथंच बाई चुकली.

त्या साली पाड्यावरची कोंबडीची पिल्लं रोज नाहीशी होत होती. काकड्या कारभाऱ्यानं भिंत पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "बघा, बरकीसुद्धा हेच सांगते! उद्याच झाड तोडू."

बरकी आडवी आली. घरट्यात मोरघारीचं इवलंसं पोर होतं. "अरे, मी कुठं बघितलंय? उगाच काढलं मी!"

"मग बघून ये. सात दिवस थांबतो."

बरकी झुडपाआड बसली ती हललीच नाही. अंगावर मुंग्यांनी वारूळ चढवलं, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मोरघार उंदीर आणायची, सरडे आणायची, कोंबडीचं पिल्लू मात्र एकदाही नाही. खालून तोंडाला पिसं चिकटलेलं रानमांजर तेवढं रोज जायचं.

आठव्या दिवशी लोक कुऱ्हाडी घेऊन आले. बरकीनं सगळं सांगितलं.

"झाडापायी तू काहीही सांगशील," काकड्या म्हणाला आणि त्यानं कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात मोरघार खाली झेपावली आणि त्याच्या पायाशी एक लठ्ठ उंदीर टाकून गेली, असं म्हणतात. काकड्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, आधी ती भिंत नीट कर."

बरकीनं पिल्लू सारवून टाकलं आणि पंजात उंदीर काढला. लग्नाच्या भिंतीवर उंदीर बघून नवरी दोन दिवस फुगून बसली होती म्हणे!

बरकीला जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. पण करवंदपाड्याची पोर पहिल्यांदा भिंतीला हात लावते, तेव्हा आदला अख्खा दिवस ती रानात बसून येते. काडी पिठात बुडवायच्या आधी ती मोठ्यानं सांगते, "बरकीआजी, बघून आले गं."