रावसाहेबांचं तीर्थ

"दादाला इंजिनियर केलंत, मग मला पाचवीतूनच का काढलंत?" सोपान आईवडिलांना हे वर्षानुवर्षं विचारत आला होता.

दादा, म्हणजे मधुकर, कारखान्यांना सांडपाणी शुद्ध करायला शिकवायचा. तो अचानक गेला तेव्हा अख्खं गाव रडलं. मेल्यावरही कौतुक त्याचंच, म्हणून सोपान रडतारडताही जळत होता.

दहाव्याला घाटावर रंगाच्या कारखान्याचे रावसाहेब भाषणाला उभे राहिले. वीज वाचवायला त्यांनी दादाने कारखान्यात बसवलेलं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र तो गेला त्याच दिवशी बंद केलं होतं. मागे नदी जांभळी वाहत होती.

"मधुकररावांमुळे आमच्या कारखान्याचं पाणी म्हणजे तीर्थ झालंय!"

सोपानने तांब्या नदीत बुडवला आणि पळी भरून त्यांच्यापुढे धरली. "हात पुढे करा, रावसाहेब. तीर्थाला नाही म्हणू नये."

"अरे, आज माझा उपास आहे."

"तीर्थाने कधी उपास मोडतो का हो?"

दहावा असूनही लोकांना हसू आवरेना. रावसाहेबांनी तिथूनच फोन करून यंत्र सुरू करायला सांगितलं.

अस्थींचा कलश सोपानने पिंपळाला टांगून ठेवला. महिन्याने नदीचा तळ दिसू लागला, तेव्हा तो उतरवला.

"घे, हेही कौतुक तुझंच," म्हणत त्याने दादाला स्वच्छ पाण्यात सोडलं.