पंपाने स्वतःहून सांगितलं

यंत्रांचे भाग माणसांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. चिपळूणला दाऊद मिस्त्रींकडे सुगंधाबाई आपली मोटार घेऊन आल्या. त्या मोटारीतून त्या आजारी माणसांना घाटावरच्या दवाखान्यात नेत. इंजिनाचा दातेरी पट्टा झिजला होता, तो बदलायचा होता.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं, तसा नवा पट्टा म्हणाला, "मिस्त्री, आधी मी ज्यावर बसणार ते हे गंजकं चाक काढा. इंजिन गार ठेवणारा हा पाण्याचा पंप राहू द्या, तो चांगला चकचकीत आहे."

मिस्त्रींनी चाकाच्या दातांवरून बोट फिरवलं. "गंज वरवरचा आहे. दात शाबूत आहेत. हे राहील." मग त्यांनी पंपाला विचारलं, "तुझं काय?"

पंप अजून चालण्यासारखा होता. खरं सांगितलं तर आजच बाहेर पडावं लागणार, हे त्याला कळत होतं. तरी तो म्हणाला, "इंजिन गार असतानाही माझ्यातून थेंब गळतो. घाटात गळती वाढली तर पट्टा भिजून घसरेल, आणि गाडीत आजारी माणूस असेल. मला बदला."

"पण चालतोय ना अजून?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"चालतोय, बाई," मिस्त्री म्हणाले. "पण पुढे बिघडला तर पुन्हा एवढं सगळं उघडावं लागेल. आज उघडलंच आहे."

नवा पट्टा मुकाट्याने गंजक्या चाकावर बसला. मिस्त्रींनी नवा पंप बसवला आणि जुना पुसून फळीवर ठेवला. मोटार घाटाकडे निघाली. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत पंप ऐकत राहिला. इंजिन कुठेही अडखळलं नाही, तेव्हा त्याला बरं वाटलं.