आधी तू

फार फार जुनी गोष्ट. जिथे समुद्रच गोठून जमीन होतो, त्या उत्तरेच्या टोकाला एक पांढरी अस्वलीण आणि तिचं पिल्लू राहत होतं. पिल्लू बर्फातल्या बिळात जन्मलं आणि हिवाळाभर आईच्या उबेत वाढलं. वसंत आला तशी दोघं गोठलेल्या समुद्राकडे निघाली.

पिल्लू भारीच खट्याळ. तुमच्या घरीही असेल असं एखादं! बर्फात जागोजागी भोकं होती. पाण्यातले सील श्वास घ्यायला तिथे वर येत. आई भोकाशी तासन्‌तास दबा धरून बसे. पण सीलचं नाक दिसायला आणि पिल्लाने कोलांटी मारायला एकच गाठ पडे. धप्प आवाज झाला की सील पसार! आई सुस्कारा टाकी, पिल्लाला चाटी आणि दुसरं भोक शोधू लागे. पिल्लाला तो खेळच वाटे. भूक लागली की दूध होतंच.

एके दिवशी मात्र दूध येईना.

"आई, दूध कुठे गेलं?"

"येईल हं बाळा," आई म्हणाली आणि लटपटत पुढे चालू लागली.

उष्ट्याच्या आशेने एक कोल्हा त्यांच्या मागोमाग हिंडत असे. त्याला राहवलं नाही. "अरे वेड्या, येणार कुठून? तू जन्मायच्या आधीपासून तुझी आई उपाशी आहे. स्वतःची चरबी आटवून तुला पाजतेय, आणि तू तिची शिकार पळवून लावतोस!"

"पण आईला भूक लागतच नाही," पिल्लू म्हणालं. त्याला खरंच तसं वाटत होतं. ती कधी बोललीच नव्हती ना!

ते धावत जाऊन आईला बिलगलं. बिळात उशीसारखं मऊ लागणारं तिचं पोट खपाटीला गेलं होतं. पिल्लाला रडूच कोसळलं.

पुढच्या भोकाशी आई बसली, तेव्हा पिल्लू तिच्यामागे आडवं झालं. पाय शिवशिवले, नाकावर बर्फ साचला, तरी ते हललं नाही. अखेर सीलचं नाक वर आलं आणि आईने झेप घेतली.

तिने पहिला तुकडा पिल्लापुढे सरकवला. पिल्लाने तो नाकाने परत ढकलला.

"आधी तू."

आईचे डोळे भरून आले. तिने घास घेतला. हळूहळू तिच्या अंगात बळ आलं, दूधही परत आलं. कोल्ह्याची चंगळ झाली, हे वेगळं सांगायला नको.

जे आपलं पोट भरतात, ते स्वतः जेवले का, हे आपणहून विचारावं.