मिरी मुंगी आणि परदेशी कड्या

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शाळा लवकर सुटली माझी. शब्दही साधेच येतात. चुकलं तर माफ करा. पण ही गोष्ट मुंगीची आहे. मोठे शब्द मुंगीने उचलायचे कसे?

एक होती मुंगी. तिचं नाव मिरी. ती राहायची खातूशेठांच्या दुकानात, फळीच्या फटीत.

फळीवर होतं एक खोकं. लांबच्या देशातून बोटीने आलेलं. खोक्यावर चष्मा घातलेलं अस्वल. खोक्यात गोल गोल कड्या. न्याहारीला दुधात घालून खायच्या. खोक्याचा कोपरा होता फाटका. त्यातून रोज चुरा पडायचा. टिप टिप टिप! मिरी तो खायची. कुटुम कुटुम!

एक दिवस पाहते तर काय? खोकं नाही. अस्वल नाही. चुरा नाही!

मिरीचं पोट म्हणालं, गुर्र!

मिरी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू. गेली शेठांकडे.

"शेठ, शेठ, खोकं आणा ना!"

"मी नाही आणणार. मनूची आई घेईना. मग ठेवू कुठं? डोक्यावर?"

लुटूलुटू, लुटूलुटू. मिरी गेली मनूच्या आईकडे.

"शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
आई, आई, खोकं घे ना!"

"मी नाही घेणार. आधीचंच उरलंय. मनू खाईना. मनूचे बाबा न्याहारीला घावन सोडेनात!"

लुटूलुटू, लुटूलुटू. मिरी गेली मनूकडे. मनूच्या नाकाला दूध. मनूच्या कानालाही दूध.

"आई घेईना,
शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
मनू, मनू, कडी खा ना!"

"नाही खानाल! कडी कुलकुलेना!"

लुटूलुटू, लुटूलुटू. मिरी चढली वाटीवर. कडी दुधात बसली होती. फुगून टम्म!

"मनू खाईना,
आई घेईना,
शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
कडी, कडी, कुरकुर ना!"

"मी नाही कुरकुरणार. दूध निवेना. आमच्याकडे घालतात थंडगार दूध. इथं कढत! माझा झाला लगदा. ब्लुप!"

मिरी वाकली दुधाकडे.

"कडी कुरकुरेना,
मनू खाईना,
आई घेईना,
शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
दूध, दूध, निव ना!"

"मी नाही निवणार. शेगडी विझेना. उठलं की तापव, बसलं की तापव!"

लुटूलुटू, लुटूलुटू. मिरी गेली शेगडीकडे. जरा लांबच उभी राहिली हं!

"दूध निवेना,
कडी कुरकुरेना,
मनू खाईना,
आई घेईना,
शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
शेगडी, शेगडी, विझ ना!"

"मी नाही विझणार. मनूची सुलूआत्या ऐकेना!"

लुटूलुटू, लुटूलुटू. मिरी गेली सुलूआत्याकडे. चढली तिच्या उघड्या डब्याच्या काठावर. मोठ्ठा श्वास घेतला.

"शेगडी विझेना,
दूध निवेना,
कडी कुरकुरेना,
मनू खाईना,
आई घेईना,
शेठ आणेना,
मिरीला चुरा मिळेना!
आत्या, आत्या, ऐक ना!"

"मी नाही ऐकणार! लेकराला गार दूध? छे बाई! मग नाक कोण पुसणार? तू?"

मिरी घाबरली. पाय घसरला. पट्कन पडली डब्यात! डबा होता मोहरीचा. इकडे मोहरी, तिकडे मोहरी. मध्ये मिरी.

आत्या ओरडली, "अगंबाई! मोहरी चालायला लागली!"

मनू हसली. आई हसली. आत्या तर पोट धरून हसली. खी खी खी!

आत्याने मिरीला बोटावर घेतलं. मोहरीकडे पाहिलं. उरलेल्या कड्यांकडे पाहिलं.

"अगं, दूध हवंय कशाला? फोडणी घालू! चिवडा करू!"

मोहरी तडतडली. तड तड तड!
कढीपत्ता चुरचुरला. चुर्र!
शेंगदाणे पडले. कड्या पडल्या. खळ खळ खळ!

आत्याने ऐकलं.
शेगडी विझली.
दूध पेल्यात निवलं.
कडी कुरकुरली. कुर्रम कुर्रम!
मनूने खाल्ली.
आईने खोकं मागितलं.
शेठांनी आणलं. ठेवलं कुठं? पोह्यांच्या शेजारी!

खोक्याचा कोपरा फाटला. चर्र!
टिप टिप टिप!
मिरीला चुरा मिळाला. कुटुम कुटुम!

आणि मी? दुसऱ्या दिवशी सकाळी मीही खोकं आणलं. कढई ठेवली. मोहरीचा डबा उघडला. आधी हळूच विचारलं, "कुणी चालतंय का गं आत?"

कुणी नव्हतं. मग घातली फोडणी.

एक कडी चुरली. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. जरा वळलो. परत पाहिलं.

चुरा गेला!

लुटूलुटू, लुटूलुटू.