यादीच्या तळाचा ड्रायव्हर

एकदा एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायच्या खोलीतले बाराच्या बारा जुने संगणक एकाच दिवशी अडून बसले. त्यांच्या डिस्क केव्हाच निकामी झाल्या होत्या. रोज सकाळी कोपऱ्यातल्या मोठ्या संगणकाकडून वायरीवाटे ते आपली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम मागवून घेत आणि कामाला लागत. पण विजेचा दाब वाढून त्यांची नेटवर्क कार्डे जळाली, नवी बसवली, आणि सिस्टिम सुरू होता होता अर्ध्यावर थांबू लागली.

दुरुस्तीला संगणक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांची तरुण शिष्या आली होती. तिने सकाळी मालकांना तोऱ्यात सांगितले होते, "दुपारपर्यंत चालू करून देते." आता तीन वाजले होते. मालकांनी बोलावलेला भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी उभा होता. चार वाजता संगणक जाणार, आणि त्यांच्याबरोबर तीस वर्षांच्या नक्ष्याही. त्या दुसऱ्या कुठल्या सिस्टिमवर उघडतच नव्हत्या.

मालक दर दहा मिनिटांनी डोकावत. "काय मॅडम, टेम्पो आत घेऊ का?"

"होतंय, मालक."

होत काहीच नव्हते. कार्ड कसे चालवायचे हे सिस्टिमला सांगणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिने कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून अगदी ताजा आणून घातला होता. पडद्यावर अक्षरे भराभर धावत आणि शेवटी तेच वाक्य उमटे : नेटवर्क सापडत नाही. सिस्टिम इथवर आली, म्हणजे वायर आणि कार्ड ठीकच असणार, असे धरून तिने मोठ्या संगणकावरची सिस्टिमची प्रत चार वेळा नव्याने बनवली. चहावर साय धरली. ती खुर्चीत बसे, उठे, पुन्हा बसे. शेवटी तिने आपल्या मास्तरांना फोन केला.

म्हातारे मास्तर रिक्षाने आले, स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "चालू कर."

अक्षरे धावू लागली. सिस्टिम पूर्ण उतरली आणि सुरू होऊ लागली, तोच मास्तरांनी वाकून मागची वायर उपटली.

"अहो मास्तर, काय करताय?"

"पडद्याकडे बघ."

तेच वाक्य उमटले. वायर असताना जिथे उमटत होते तिथेच, तितक्याच वेळाने.

मास्तरांनी वायर परत लावली. "पोरी, सिस्टिमला इथवर कार्डानंच आणलं, त्याच्या अंगच्या प्रोग्रामनं. दारात आणून सोडलं की त्याचं काम संपलं. पुढं सिस्टिमनं कार्ड स्वतः चालवायचं. तिला ते दिसतच नाही, मग वायर असली काय आणि नसली काय. तू मघापासून तिची प्रतच पुन्हा पुन्हा बनवत बसलीस. आणि ड्रायव्हर दिलास तो यंदाचा. तो लिहिणाऱ्यानं ही जुनी सिस्टिम हिशेबातच धरलेली नाही."

त्यांनी संगणक उघडला आणि चष्मा कपाळावर सरकवून कार्डावरच्या चिपचा बारीक आकडा वाचला. "कार्ड नवं, पण चिप जुन्याच जातीची. साइटवरची ड्रायव्हरांची यादी खाली घे. अजून खाली."

अगदी तळाशी सतरा वर्षांपूर्वीचा एक ड्रायव्हर होता. तिने तो सकाळीच पाहून सोडून दिला होता.

"हा लावला असता तर सगळे हसले असते, मास्तर."

"कोण? संगणक?"

तिने मोठ्या संगणकावरच्या प्रतीत तो ड्रायव्हर घातला. पावणेचार झाले होते. अक्षरे धावली, त्याच जागी आली, क्षणभर अडखळली आणि पुढे गेली. पडद्यावर अर्धवट राहिलेली एक चौकटीची नक्षी उघडली.

मालक बराच वेळ ती पाहत राहिले. मग खिडकीतून ओरडले, "टेम्पोवाल्याला म्हणावं, चहा घे आणि जा."

दुसरा संगणक मात्र पुन्हा त्याच वाक्यावर थांबला. मालकांचा चेहरा उतरला. शिष्येने या वेळी सिस्टिमच्या प्रतीला हात लावला नाही. तिने संगणक उघडला आणि आकडा वाचला. "याची चिप वेगळी आहे, मालक. याला याचाच ड्रायव्हर लागेल. थोडं थांबा."

मास्तर दाराशी आपल्या चपला शोधत होते.

घरातले कुणी आपले ऐकत नाही असे वाटले, तर आवाज चढवण्याआधी एवढे पाहावे, की आपण सांगतो ते, त्या जुन्या सिस्टिमला तिच्या ड्रायव्हरासारखे, त्याला घेता येण्याजोगे आहे का.